वीस टक्क्यांचा उतार

लातुरात 'क्लास' या शब्दाचा अर्थ एकच. ज्याच्या पाट्यांनी चौक झाकलेत आणि ज्याच्यापायी चार जिल्ह्यांतली पोरं इथं खोल्या करून राहतात, तो क्लास. हे पक्कं ठाऊक असूनही लुंबिनीनं शनिवारी दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी तो व्हॉइस मेसेज पाठवला, आणि तो शीलाला जाण्याऐवजी 'आपलं घर' या ग्रुपवर गेला.

"माझ्या क्लासमधी आता काही दम राहिला न्हाई. वीस टक्के उतरवलंय. चारपर्यंत क्लास बदलला न्हाई तर मला काढून टाकणारेत. काय करू, सांग की."

शीला तिच्या टीममधली. फोनवरच्या एका ऑनलाइन लढाईच्या खेळात चौघांची ही टीम दोन वर्षं एकत्र होती. त्या खेळात आपण कोण व्हायचं त्याला क्लास म्हणतात. टँक पुढं उभा राहून वार झेलतो, आर्चर आणि मेज लांबून मारतात, हीलर सोबत्यांच्या जखमा भरते. शीला आर्चर, धम्मदीप मेज आणि कॅप्टन श्रीशैल टँक. लुंबिनी पहिल्या दिवसापासून हीलर. सगळे क्लास तोलामोलाचे राहावेत म्हणून खेळाची कंपनी अधूनमधून आकडे खालीवर करते. त्या सकाळी नवा बदल आला आणि हीलरची ताकद उतरल्याची बोंब झाली. चार वाजता सेमीफायनल होती. जिंकलं तर नांदेडला स्टेजवर फायनल. नांदेडला शिकणाऱ्या श्रीशैलनं सकाळीच सांगून टाकलं होतं, आर्चर घे, नाही तर तुझ्या जागी दुसरा बघतो.

तासाभरानं चूक लक्षात आली तेव्हा मेसेजवर निळ्या खुणा उमटल्या होत्या. तिनं तो पुसला, तेवढ्यात आईचा, भामाबाईंचा फोन आला.

"कोण काढून राहिलं ग तुला?"

"आई, तो क्लास न्हाई. गेममधला हाय."

"गेममधी कुठले आले क्लास? खोटं बोलू नको. तुझे पप्पा मोंढ्यातून तसेच निघालेत. एसटी चाकूरला आली असंल आता."

लुंबिनीनं वडलांना सात वेळा फोन लावला. साहेबराव एसटीत बसले की फोन बंडीच्या आतल्या खिशात ठेवतात आणि उतरल्यावरच काढतात. मेडिकल प्रवेशाच्या तयारीचं तिचं हे दुसरं वर्ष. पप्पांनी हातातून फोन काढून घेतला, तर आर्चर का हीलर हा प्रश्नच उरणार नव्हता.

तीन वाजता ते होस्टेलच्या दारात आले. पुरुषांना पायऱ्यांच्या पुढं सोडत नाहीत, म्हणून ते खालच्या बाकावर बसले. घामानं शर्ट पाठीला चिकटला होता.

"आधी क्लासच्या हापिसात जाऊन आलो," ते म्हणाले. "मॅडम म्हणली, पोरगी रोज येते, कुणीबी काढलं न्हाई. मग काय भानगड हाय?"

तिनं सगळं सांगितलं.

"म्हंजे मी तोलाई सोडून, भर सीझनमधी, ह्या खेळासाठी पळत आलो."

"हाव, पप्पा."

"अभ्यासाचं काय?"

"परवाच्या टेस्टला सातशे वीसपैकी पाचशे साठ पडले. पेपर दाखवते."

त्यांनी पेपर मागितला नाही, पण चेहराही सैल झाला नाही. बाकावर जवळ जागा होती, तरी लुंबिनी उभीच राहिली.

साहेबराव अहमदपूरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, बावीस वर्षं मापाडी होते. रोज शेकडो पोती त्यांच्या काट्यावरून उतरत. त्यांनी विचारलं, "ह्ये वीस टक्के उतरलं, हे कुणी सांगितलं?"

"श्रीशैलनं."

"त्यानं मोजलं?"

"त्यानं एका व्हिडिओत बघितलं."

"अन् तू?"

लुंबिनीनं नकारार्थी मान हलवली.

"मोंढ्यात एकानं बोंब ठोकली काट्यात खोट हाय, की सगळेच ठोकतेत. म्हणून मी काटा बदलतो का? आधी वीस किलोचं वजन ठेवून बघतो. ठेव की तू पण."

सामन्याला चाळीस मिनिटं होती. तिनं शीलाला आणि धम्मदीपला सरावाच्या मैदानात बोलावलं. धम्मदीपनं समोरच्या बाजूला जाऊन शीलाला मारायचं आणि लुंबिनीनं भरून काढायचं. कालपर्यंत तिच्या एका हीलमध्ये जिवाचे सहाशे चाळीस अंक भरत. ती आकडा सांगू लागली. साहेबराव तिच्या वहीच्या मागच्या पानावर लिहू लागले. सहाशे चाळीस. सहाशे चाळीस. पुन्हा सहाशे चाळीस.

"उतार कुठाय?" साहेबराव म्हणाले.

"मलाच कळंना. धम्मदीप, आता मला मार."

पाचशे बारा. पाचशे बारा. तिच्यावरचे वार थांबले, पाच सेकंद गेले, आणि पुन्हा सहाशे चाळीस.

उतार होता, पण हीलरला मार बसत असेल तेवढाच वेळ. तिनं श्रीशैललाही कॉलवर घेतलं आणि पप्पांना ऐकू यावं म्हणून फोन बाकावर ठेवून स्पीकर लावला.

"बोला डॉक्टरीणबाई, आर्चर घेतला का?"

"न्हाई. मोजून बघितलं. मला वार लागला तरच वीस टक्के उतरतेत. तू माझ्यापुढं उभा राहा, मी पहिल्यासारखी भरते."

"मी टँक हाय, वॉचमन न्हाई. मी पुढं घुसलो न्हाई तर मारणार कोण?"

"शीला अन् धम्मदीप काय भजे तळायला हायेत?"

पलीकडं शीला हसली. श्रीशैल हसला नाही. "एक राउंड बघतो. हरलो तर?"

"तर तू काढायच्या आधी मीच जाते."

साहेबरावांनी चमकून तिच्याकडं पाहिलं.

सामना तीन राउंडचा. पहिल्यात श्रीशैल कुरकुरत तिच्यापुढं उभा राहिला, आणि त्यांनी तो कसाबसा जिंकला. दुसऱ्यात समोरचा मेज अर्धमेला दिसताच श्रीशैलला राहवलं नाही. तो घुसला. समोरचे दोन आर्चर मोकळे झाले आणि लुंबिनीवर तुटून पडले. पाचशे बारा, पाचशे बारा, आणि ती संपली. पाठोपाठ बाकीचे तिघं.

"श्रीशैल, पाय रोव!" ती ओरडली. जिन्यावरच्या दोन मुलींनी वाकून पाहिलं.

तिसऱ्यात त्यानं पाय रोवले. शेवटी त्यांच्याकडं तो आणि ती, समोर एकच आर्चर. तिचा हील तयार व्हायला दोन सेकंद हवे होते. श्रीशैल एका सेकंदात पडला. मग आर्चरनं निवांत नेम धरला.

हरले. नांदेड गेलं. कॉल चालूच होता; लुंबिनी फोन छातीशी धरून श्रीशैलच्या बोलण्याची वाट पाहत राहिली.

"आकडे बघून राहिलो," श्रीशैल म्हणाला. "तिसऱ्यात तू सहाशे चाळीसच्या खाली तीनदाच आलीस."

"मग?"

"मग दुसरा राउंड माझ्यामुळं गेला. जानेवारीत परत हाय. हीलरच ठेव. कसं उभं राहायचं, ते आधी सांगत जा."

फोन बंद झाला. लुंबिनी आता कुठं बाकावर टेकली.

"काढलं का?" साहेबरावांनी विचारलं.

"न्हाई."

"अन् परत कवा म्हणला तो?"

"जानेवारीत."

"तुझी परीक्षा?"

"मे मधी."

ते उठले. पिशवी खांद्याला लावता लावता त्यांनी अंगठ्यानं बोटांची पेरं मोजली, जानेवारीपासून मेपर्यंत, एकदा पुढून आणि एकदा मागून. "मधी चार महिने हायेत. टेस्टचे आकडे दाखवत जा," ते म्हणाले. लुंबिनी त्यांच्या अंगठ्याकडं पाहत राहिली.