जिभेवरचं बोट

थोरलीने बोट जिभेला लावलं, बिस्किटावरचा चुरा टिपला आणि तेच बोट पुन्हा तोंडात घातलं. मग पुढचं बिस्कीट.

समोर बसलेली धाकटी जाऊ ते बघत होती. बारीक किसणीने ती बिस्किटांच्या वेड्यावाकड्या कडा घासत होती. कड सरळ झाली की वरचा भुगा कोरड्या ब्रशने झटकायचा, नाहीतर आयसिंग खरबरीत होतं. ब्रश थोरलीच्या कोपराशीच पडला होता, कोरा करकरीत. आणि बाईसाहेबांना चार दिवसांची सर्दी! मधूनच मनगटाने नाक पुसायचं, की बोट परत कामाला. शी!

बिस्किटं दुपारी शाळेत जायची होती, साठ मुलांच्या वर्गात. त्या साठांत धाकटीची लेकही होती. वर्गाच्या बाईंना शब्द धाकटीनेच दिला होता, की अगदी स्वच्छ हातांनी करून देऊ.

"ताई, ब्रश घ्या ना," ती दुसऱ्यांदा म्हणाली.

"ब्रशने दिवस मावळेल. आयसिंगखाली काय दिसतंय?"

दिसत नाही, हेच तर! पण धाकटीने मान खाली घातली. एका घरात आठ वर्षं काढली होती, ती काय उगाच? थोरलीला किळस म्हणून नाहीच, कुणाच्याही ताटातलं उचलून खाते बिचारी, मनाने काही वाईट नाही. अशी स्वतःची समजूत घालत ती घासत राहिली. तोंडाला मात्र सारखं पाणी सुटत होतं, ओकारीच्या आधी सुटतं तसं.

तेवढ्यात थोरलीचा नवरा वासावर आत आला. काही न विचारता त्याने ट्रेकडे हात नेला. थोरलीने ट्रे झटकन मागे ओढला.

"त्यातलं नको. तुमच्यासाठी डब्यात वेगळी काढून ठेवलीत."

धाकटीने किसणी खाली ठेवली. म्हणजे किळस होती बाईला. चांगली होती, फक्त घरच्या माणसापुरती राखून ठेवलेली. परक्यांच्या पोरांनी काय वाटेल ते खावं, आणि त्यांच्यात जावेच्या पोरीनेही.

ती उठली आणि ट्रे उचलून कचऱ्याच्या डब्याकडे निघाली. थोरली तोंड उघडणार, तोच तिचा नवरा म्हणाला,

"अगं, वेड लागलंय का? चांगली खुसखुशीत बिस्किटं आहेत."

"मग एक खा ना, भाऊजी."

तिने ट्रे त्याच्यापुढे धरला. त्याने हात पुढे केला आणि बायकोकडे पाहिलं. बायको पाठ वळवून नळाखाली हात धूत होती, साबण लावून, बोट न् बोट. त्याचा हात तसाच मागे आला.

धाकटीने ट्रे डब्यात उपडा केला आणि फळीवरून मैदा खाली काढला.