उष्टा वारा

"आरं, फुंकर मार की! तवा थंड पडला माझा," बनुबाई काटवटीत पीठ मळता मळता ओरडली.

कानिफनाथाने फुंकर मारली नाही. पोत्याचा तुकडा घेऊन तो चुलीला वारा घालू लागला. शेजारच्या पाचटाच्या झोपडीतला, कोपीतला गहिनीनाथ हसला, "मावशे, म्हाराजाला चूल फुकाया लावती व्हय? इटाळ हुईल ना!"

श्रीगोंद्याच्या त्या उसाच्या फडात सगळे त्याला म्हाराजच म्हणत. सेवा अर्धी टाकून आलेल्याला लोक आणखी काय म्हणणार?

पाथर्डीकडच्या डोंगरावरील लहानशा मठात तो तीन वर्षे होता. मुलगा झाला तर तो पाच वर्षे नाथांची धुनी राखील, असा नवस आईनेच, बनुबाईनेच बोलला होता. धुनीला तोंडाने फुंकायचे नाही, तिला उष्टा वारा लागतो, हा बाबांनी शिकवलेला पहिला नेम. पहाटे राख सारून तो खालचा निखारा शोधी, तेव्हा दरीतून कुणाच्या तरी गाईची घंटा वाजे. पाचटाच्या धुरात बसले की ती घंटा त्याला अजून ऐकू येई.

बहात्तरचा दुष्काळ पडला आणि दसऱ्याच्या सुमारास वडील गेले. ऊसतोडीच्या मुकादमाने बनुबाईला तोंडावर सांगितले, "कोयता म्हंजी दोन मानसं, बाई. एकानं तोडायचं, एकानं मोळी बांधायची. अर्धा कोयता कुनी घेत न्हाई."

ती डोंगर चढून मठात आली. नवस तिचाच, पोर परत मागणार कोणत्या तोंडाने? नुसती पायरीवर बसून राहिली. कानिफनाथाने आपले घोंगडे गुंडाळले.

मठ कायमचा सोडणाऱ्याने 'जातो' म्हणायचे आणि बाबांनी त्याची थाळी पालथी घालायची, अशी तिथली रीत. बाबांनी थाळी हातात घेतलीही होती. पण निघताना जातो म्हणू नये, हे घरचे वळण जिभेवर बसलेले. कानिफनाथ बोलून गेला, "येतो, बाबा."

बाबा थबकले. थाळी त्यांनी होती तशी उताणी ठेवली. "ये," एवढेच म्हणाले.

हंगाम सरला. परतताना गहिनीनाथाची बैलगाडी त्याच डोंगराच्या पायथ्याशी विसाव्याला थांबली.

"जा वर," बनुबाई म्हणाली. "बाबा वाट बघत असत्याल. ऱ्हायलेली दोन वर्सं फेडून टाक."

"आन् म्होरल्या साली कोयता, आये?"

"माझं मी बघंन." तळहातांवरचे फोड तिने पदराखाली घेतले होते.

तो वर गेला. थाळी कोनाड्यात उताणीच होती. तिच्यावर धुळीचा कण नव्हता.

बाबांना आता दिसत नव्हते. "आलास?" त्यांनी पावलांवरूनच विचारले.

त्याने राख सारली, निखारा वर घेतला, गोवरी लावली आणि उपरण्याने वारा घातला. गोवरीने पेट घेतला तरी तो बराच वेळ वारा घालीत राहिला. मग उठून कोनाड्यातली थाळी त्याने स्वतःच पालथी घातली.

"जातो, बाबा."

बाबांनी चाचपत त्याच्या कपाळाला राख लावली. "जपून जा. उतार हाय."

खाली बनुबाई तीन दगडांच्या चुलीशी झटत होती. त्याला पाहून तिने पोत्याचा तुकडा पुढे केला.

त्याने तो बाजूला ठेवला, गुडघे टेकले आणि चुलीकडे वाकला.

"आरं, नगं..." तिचा हात पुढे आला.

तोवर त्याने फुंकर घातली होती. दुसऱ्या फुंकरीला चुलीने जाळ धरला. बनुबाईने हात मागे घेतला आणि खाली मान घालून ती पीठ मळू लागली.