दोन आज्यांचं उपाशी नातवंड

नवजात बाळांच्या शस्त्रक्रियेच्या वॉर्डात त्या नर्सला सगळे पाठीमागे जमादारीण म्हणायचे. तिला ते ठाऊक होतं, आणि मनातून थोडं आवडायचंही. कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय ती सर्जनलाही आत पाऊल टाकू द्यायची नाही. बाळापाशी वाकली की मात्र तिचा आवाज लोण्यासारखा व्हायचा.

तिच्याकडे एक मुलगी आली. आदल्याच दिवशी जन्मलेली, मूठभर, आणि हिरव्या उलट्या करणारी. आतड्याचा एक तुकडा जन्मतःच बंद होता. सर्जनने तो काढला, दोन्ही टोकं जोडली आणि बाळ जमादारणीच्या हवाली केलं. म्हणाला, "माझं शिवणकाम झालं. आता तुमचं राज्य."

हे राज्य म्हणजे एक ऊबदार पाळणा. त्यात बाळ, बाळाच्या हाताला सलाईन आणि नाकातून पोटात गेलेली एक बारीक नळी. आतडं कामाला लागेपर्यंत पोटात साठणारं हिरवं पाणी या नळीतून बाहेर यायचं. बाळाला दुखतंय का, हे जमादारीण त्याच्या कपाळावरच्या आठीवरून ओळखायची. आठी दिसली की औषध द्यायची, एक तळवा डोक्यावर आणि दुसरा पावलांवर ठेवून उभी राहायची. आठी विरायची.

काचेपलीकडे दोन आज्या ठाण मांडून बसल्या होत्या.

"नाक आमच्याकडचं आहे हं," आईची आई म्हणाली.

"नाकात नळी आहे. तुम्हाला नाक दिसलं कुठून?" बापाची आई म्हणाली.

जमादारीण बाहेर आली, तेव्हा मात्र दोन्ही विहिणी एका सुरात बोलल्या. "पोरीला उपाशी ठेवलंय तुम्ही!"

"उपाशी नाही. तिचं जेवण सलाईनमधून चाललंय. टाके ओले आहेत, वाट मोकळी झाली की दूध देऊ."

"मोकळी झाली हे कळणार कसं?"

"शी केली की."

मग बापाची आई गंभीरपणे म्हणाली, "आमच्या घराण्यात तो त्रास कुणालाच नाही."

बाळाच्या आईला चाकाच्या खुर्चीतून आणलं, ती हिरमुसलेलीच होती. हातातल्या वाटीत जेमतेम दोन थेंब दूध.

"एवढ्याचं काय करणार, सिस्टर? आणि तिला पाजायचंही नाही म्हणतात."

"दोन थेंबच हवेत मला," जमादारीण म्हणाली. तिने कापसाची काडी दुधात भिजवून आईच्या हातात दिली. "ओठांवरून नुसती फिरवा. चव तर कळू दे कार्टीला."

आईने पाळण्यात हात घातला. काडी ओठांना लागली आणि बाळाने चक्क मिटक्या मारल्या. आई हसता हसता रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जमादारणीने बाळाच्या पोटावर बोट ठेवलं आणि तिचा चेहराच उतरला. पोट ढोलकीसारखं ताणलेलं होतं. टाके उसवले तर नाहीत? तिने सर्जनला बोलावणं धाडलं आणि तेवढ्यात नळीकडे नजर टाकली. नळीतून काहीच येत नव्हतं. तिने सिरिंजने अलगद थोडं सलाईन नळीत सोडून परत ओढलं. एकदा, मग पुन्हा. घट्ट बुळबुळीत गुठळी निघाली आणि पाठोपाठ हिरवं पाणी भळाभळा आलं. सर्जन धावत येईपर्यंत पोट बसू लागलं होतं. त्याने तपासलं, टाके शाबूत होते.

जमादारणीने मान वर केली. काचेपलीकडे दोन्ही विहिणींनी एकमेकींचे हात गच्च धरले होते. ती बाहेर गेली. "नळी तुंबली होती. आता ठीक आहे."

"तुम्ही सकाळपासून चहा तरी घेतलात का?" आईच्या आईने विचारलं. तोवर बापाची आई कपात ओतूनही मोकळी झाली होती.

नंतर नळीतलं पाणी हिरव्याचं पिवळं झालं, पिवळ्याचं नितळ झालं. आणि एका दुपारी बाळाला पुसताना जमादारणीच्या हाताला काहीतरी कोमट, चिकट लागलं. तिने लंगोट उघडून पाहिला आणि आयुष्यात पहिल्यांदाच वॉर्डात मोठ्याने हसली. लंगोट काचेपाशी नेऊन तिने दोन्ही आज्यांना दाखवला. त्या हरखून गेल्या. शेजारी बसलेल्या एका गृहस्थाने डबा उघडला होता, त्याने तो मुकाट्याने मिटला.

आधी चमचाभर दूध पचलं, मग चार-पाच चमचे. सर्जनने मान डोलावली, तेव्हा नळी निघाली आणि बाळ आईच्या कुशीत गेलं. बाळाने थोडं हुडकलं, कुरकुर केली आणि मग धरलं ते असं की आईच दचकली.

"सिस्टर, हाताला मुंग्या आल्यात. पण हलवू की नको?"

"अजिबात हलायचं नाही," जमादारीण म्हणाली, आणि तिच्या कोपराखाली उशी सरकवली.