दारामागची खुंटी

घरगाडी भाड्याने घेतली तेव्हाच नवऱ्याने बजावलं होतं, "चाकांवरचं घर आहे. प्रत्येक वस्तू जागच्या जागी हवी." पण सासूबाई आपला कप रोज डावीकडच्या, दारामागच्या खुंटीला अडकवायच्या आणि कुणी दार उघडलं की कप खाली. प्लॅस्टिकचा, म्हणून निभावलं.

"आई, उजवीकडे सगळ्या खुंट्या रिकाम्या आहेत गं!" नवरा ओरडायचा.

"असू देत. माझा हात डावीकडेच जातो. 'बापावर गेलीस' म्हणत आईने पट्ट्या मारल्या, तरी सुधारला नाही. तुझ्या ओरडण्याने सुधारतोय होय!"

सुनेला हसू फुटलं. मांडीवरची तीन वर्षांची लेक भिंगरीही उगाचच हसली.

आज मात्र सासूबाई सकाळपासून खिडकीला नाक लावून बसल्या होत्या. ज्या टेकडीसाठी सगळी वाट वाकडी केली, ती समोर आली होती. त्यांच्या वडिलांच्या तुकडीने महायुद्धातला शेवटचा हिवाळा या टेकडीच्या पोटात काढला होता. नवरा गाडी लावायला जागा शोधत होता, तेवढ्यात त्या सुनेच्या कानाशी आल्या.

"एक विचारू? तिथे मला रडूच आलं नाही तर?"

"असं काय हो, आई!"

"मी पोटात असताना गेला तो. फोटो नाही, आवाज ठाऊक नाही. परक्या कुणाचा बाप असावा तसा माझा. पोराने वर्षाची सुट्टी घालवून आणलं, आणि मी ठणठणीत कोरडी परत यायची?"

सून भिंगरीच्या बुटांचे बंद बांधत होती. मान वर न करता म्हणाली, "ही झाली ना, तेव्हा मलाही बरेच दिवस काहीच वाटत नव्हतं. कुणाकडे बोलले नाही."

"मला दिसत होतं की. म्हणून तर हिला तुझ्या कुशीत टाकून मी मुद्दाम बाहेर जाऊन बसायची."

सुनेचे हात बंदावरच थांबले. मग तिने गाठ पक्की केली.

गुहेबाहेरच्या स्मृतिशिळेवर वडिलांचं नाव होतं. सासूबाईंनी विजेचं बिल वाचावं तसं ते चष्मा लावून वाचलं. मुलाने फोटोसाठी फोन धरला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. काही म्हणजे काही झालं नाही. "चला," म्हणाल्या, "आत गार असेल."

आत मऊ दगडात कोरलेली बाकडी होती, सैनिकांची अंथरुणं. विजेरी घेतलेली मार्गदर्शक बाई सांगत होती, "ज्याने त्याने आपलं बाकडं आपणच कोरलं. उशाशी हा मेणबत्तीचा कोनाडा. झोपल्या झोपल्या हात पोचावा म्हणून उजवीकडे." सगळे कोनाडे उजवीकडेच होते. फक्त शेवटच्या बाकड्याचा डावीकडे.

"इथे कोण झोपायचं?" सासूबाईंनी विचारलं.

"ते नाही सांगता येत, आजी. डावखुरा असावा, एवढंच."

सासूबाई बाकड्यावर टेकल्या. त्यांचा डावा हात न बघताच मागे गेला आणि कोनाड्यात नेमका बसला. बोटांना काजळी लागली.

"तोच कशावरून?" त्या स्वतःशीच पुटपुटल्या. "डावखुऱ्यांना काय तोटा आहे जगात." पण हात काही काढला नाही.

भिंगरीला एवढा धीर कुठला! ती बुटांसकट बाकड्यावर चढली आणि नाचायला लागली.

"अगं ए! उतर आधी खाली! पणजोबांच्या अंथरुणावर बूट घालून चढतात का?"

सासूबाईंचा आवाज दगडात घुमला. मग त्यांचं त्यांनाच ऐकू आलं असावं, कारण भिंगरीवर उगारलेला हात त्यांनी हळूच बाकड्यावर टेकवला. सुनेने भिंगरीला उचललं. मुलगा छताकडे बघत राहिला. रडलं कुणीच नाही. सासूबाईंनी हाताने बाकडं नीट झाडलं आणि म्हणाल्या, "चहा टाकूया आता. घसा सुकला."

चहा झाला, कप धुतला आणि तो दारामागच्या खुंटीवर गेला. सुनेने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने एक जुनी चप्पल शोधली आणि दार कपापर्यंत पोचूच नये अशी ती बिजागरीशी दोरीने आवळून बांधली.

त्यामुळे दार अर्धंच उघडायचं. उरलेली सुट्टीभर सगळे तिरके होऊन घरात शिरत होते.