ब्रेक कुणी दाबला

बेंबळीच्या अलीकडं रस्ता सरळ आहे. त्या सकाळी समोर गाडी नव्हती, माणूस नव्हतं, जनावर नव्हतं. तरी बंडप्पांची नवी गाडी करकचून थांबली आणि मागून येणारा सिदू मोटारसायकलसकट तिच्यावर आदळला. सिदू बेंबळीचाच, मेंढरं राखणारा. त्याचं मनगट मोडलं, हनुवटी फुटली.

"म्या ब्रेकवर पायच ठिवला न्हाय," बंडप्पा दवाखान्यात भेटेल त्याला सांगत होते. "गाडीच थांबली. आपसूक."

त्यांचा मुलगा शंभुलिंग धाराशिवला ज्युनिअर कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायचा. गाडी त्यानंच पसंत केली होती. अडथळा दिसला की ही गाडी माणसाच्या आधी ब्रेक लावते, हे त्यानं वडलांना मोठ्या कौतुकानं दाखवलं होतं. बंडप्पांची उमर आडत दुकानात आणि जुन्या जीपवर गेलेली. त्यांना जीपच बरी वाटायची, पण पोरानं हौसेनं आणली म्हणून ते नवी गाडी शिकले होते.

सोलापूरच्या सर्व्हिस सेंटरला विरेश नावाच्या मॅनेजरनं गाडीला लॅपटॉप जोडला. "ब्रेक लागल्याची नोंद आहे," तो म्हणाला, "बिघाडाची एकही नाही." मग शंभुलिंगला बाजूला घेऊन हळूच बोलला, "सर, वय झालं की होतं असं. पाय कुठं पडला ते कळत नाही."

शंभुलिंगला ते लगेच पटलं. परतीच्या वाटेवर गाडी त्यानंच चालवली. बंडप्पा शेजारी बसून होते.

दोनच दिवसांनी तो वडलांना सिदूच्या घरी घेऊन गेला. दारात शेजारपाजारची माणसं जमली होती.

"आप्पांचं वय झालंय, त्यांच्याकडून चूक झाली," शंभुलिंग म्हणाला. "आप्पा, तुम्हीच सांगा की."

बंडप्पांनी डोक्यावरची टोपी काढली आणि आपल्या निम्म्या वयाच्या सिदूपुढं हात जोडले. "चुकी झाली बाबा. माफ कर."

"हात नका जोडू, मालक," सिदू चाचरत म्हणाला. त्याची बायको अयोध्या दाराआडून बघत होती.

त्या दिवसापासून गाडीची किल्ली शंभुलिंगकडं राहिली. गाडी का चालवत नाही, असं बेंबळीच्या मठात कुणी विचारलं तर बंडप्पा सांगायचे, "डोळ्याला दिसंना आता." खरं तर ते पेपर अजून चष्म्याशिवाय वाचायचे.

दसऱ्याच्या तोंडावर शंभुलिंग आणि त्याची बायको शुभांगी सोलापूरला निघाले. तामलवाडीजवळ पुलाची काळीभोर सावली रस्त्यावर पडली होती. गाडी त्या सावलीत शिरली आणि जागीच थांबली. पट्ट्याचा हिसका बसून शुभांगी कळवळली. मागचा टेम्पो कसाबसा बाजूनं निघाला, ड्रायव्हर शिव्या देत गेला.

"का थांबवली?"

"मी नाही थांबवली. पाय लावलाच नाही मी..."

तो मधेच थांबला. शुभांगीनं त्याच्या पायाकडं पाहिलं, मग त्याच्याकडं.

"आप्पा हेच सांगत होते," ती म्हणाली.

गाडी कडेला घेऊन त्यानं विरेशला फोन लावला.

"सर, काही गाड्यांत आहे तो प्रॉब्लेम, नसलेला अडथळा दिसतो त्यांना. सॉफ्टवेअरचं अपडेट येणार आहे. तोवर ते फीचर बंद ठेवा."

"तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

"वरून सांगितलं होतं, कस्टमरपाशी बोलायचं नाही."

शंभुलिंग ओरडणार होता, पण त्यानं फोन ठेवला. विरेशनं खोटं सांगितलं होतं. पण वडलांना सिदूच्या दारात उभं करायला विरेश आला नव्हता.

ते तिथूनच माघारी फिरले. घरी बंडप्पा ओसरीवर तूर निवडत बसले होते. शंभुलिंगनं उभ्यानंच सगळं सांगितलं.

"शुभांगीला लागलं का?" त्यांनी आधी विचारलं.

"नाही."

"बरं झालं." त्यांनी तुरीत हात फिरवला. "मला बी पटाय लागलं हुतं रं. बसल्या बसल्या ह्या पायाकडं बघायचो. म्हणायचो, पडला असंल ब्रेकवर, आपल्यालाच कळलं नसंल."

शंभुलिंगला मान वर करता येईना. माफी मागायची म्हणून तो खाली बसला आणि नुसताच सुपातले खडे वेचत राहिला.

दुसऱ्या दिवशी तो एकटाच सिदूकडं गेला. प्लास्टर निघालं होतं, पण मनगट वाकडंच राहिलं होतं. शेजारी गोळा होईपर्यंत तो थांबला आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "आप्पांची चूक नव्हती. गाडीत दोष होता. आप्पा खरं सांगत होते आणि मी त्यांना खोटं पाडलं."

"त्या दिवशी म्हातारा माणूस हात जोडत हुता," अयोध्या म्हणाली. "तवा तुमी काय करत हुता?"

"शेजारी उभा होतो."

थोड्या वेळानं सिदूनं डाव्या हातानं चहाची कपबशी पुढं केली. कंपनीविरुद्ध ग्राहक मंचात जायचं शंभुलिंगनं ठरवलं होतं, त्यासाठी जबाब द्यायलाही सिदू तयार झाला.

घरी येऊन त्यानं किल्ली वडलांपुढं धरली. बंडप्पांनी ती घेतली नाही.

"ऱ्हाऊ दे," एवढंच म्हणाले.

आता ते बेंबळीच्या मठाला एसटीनं जातात. शंभुलिंग त्यांना स्टँडवर सोडायला येतो, पिशवी आत ठेवतो, बस हलेपर्यंत खिडकीखाली उभा राहतो. त्याला काहीतरी बोलायचं असतं, हे बंडप्पांना कळतं.

"जा आता," ते म्हणतात, "कॉलेजला उशीर व्हईल."