सरांची टोपी आणि मी

मी एका नामांकित धावपटूची पोस्ट बोलतेय. कालच त्यानं मला पुसून टाकलं. मग बोलतेय कुठून म्हणता? सांगते, पण आधी माझा गोंधळ ऐका.

माझा जन्म दवाखान्यात झाला. ज्यांनी त्याला पळायला शिकवलं, त्या आजारी सरांना धावपटू भेटायला आला होता. सोबत त्याची मावसबहीण. त्याच्या पोस्ट तीच टाकते. तिचा एक नियम आहे, चेहरा स्वच्छ दिसला पाहिजे, नाहीतर लोक थांबतच नाहीत. इथं सरांच्या टोपीची सावली नेमकी डोळ्यांवर पडत होती.

"सर, जरा टोपी काढता का?" धावपटू म्हणाला.

औषधांनी सरांचे सगळे केस गेले होते. ते क्षणभर खिडकीकडे पाहत राहिले, मग त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. फोटो निघाला. खाली ओळ आली, 'माझ्या सरांची सर्वांत मोठी शर्यत.' लिहिताना धावपटूचे डोळे खरंच भरून आले होते, शपथेवर सांगते. पण जिना उतरताना लाइक किती आले ते त्यानं दोनदा पाहिलं. आता यातलं खरं कुठलं धरू?

मी वाऱ्यासारखी पसरले. एका मुलीनं लिहिलं, मला पाहून तिचे वडील एकदाचे तपासणीला तयार झाले. मी फुशारले. लगेच खाली कुणीतरी लिहिलं, 'आजारी माणसाचं प्रदर्शन मांडलंय.' मी खजील झाले. लोक आपसांत भांडत बसले, पण एक घाव दोन तुकडे असा निकाल काही कुणी देईना. माझं तर डोकंच चालेना.

मग सरांच्या बायकोचा, काकूंचा फोन आला. सर कुणालाच भेटेनात. नातवंडं आली तरी भिंतीकडे तोंड करून पडून राहतात. तो फोटो काढा, एवढंच काकूंचं मागणं. मावसबहिणीनं समजावलं, की काकू, त्या फोटोनं लोकांचं भलंच होतंय, आणि टोपी तर सरांनी आपणहून काढली ना?

काकू शांतपणे म्हणाल्या, "यानं काही मागितलं आणि हे नाही म्हणाले, असं कधी झालंय का गं?"

फोन स्पीकरवर होता. धावपटूनं ते ऐकलं आणि मावसबहिणीकडून मोबाइल घेतला. त्यानं स्वतःच्या हातानं मला पुसलं आणि तडक दवाखाना गाठला.

पण तोवर कित्येकांनी मला आपापल्या मोबाइलमध्ये उतरवून घेतलं होतं. तुम्हीही घेतलंत. हो, तुमच्याच मोबाइलमधून बोलतेय मी.

आज सकाळी कुणा भल्या माणसानं 'लवकर बरे व्हा' लिहून मला काकूंनाच पाठवलं. मोबाइल सरांच्या उशाशी होता. त्यांनी मला पाहिलं आणि दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं. पायाशी बसलेला धावपटू त्यांची टोपी शोधत खोलीभर फिरत राहिला.

मी चांगली की वाईट, मला अजून उमगलेलं नाही. त्या मुलीचे वडील बरे राहोत. पण सरांचे ते हात मला बघवले नाहीत हो. मला पुढं पाठवू नका. पुसून टाका.