कापलेला कोपरा

बाबांना कडक इस्त्रीचा शर्ट लागतो आणि तो करणारं माणूस त्यांना कधी दिसत नाही. आई जाऊन दोन वर्षं झाली, तरी रोज सकाळी आठ वाजता ते खांद्यावर टॉवेल टाकून घरातल्या अरुंद बोळातल्या इस्त्रीच्या टेबलाकडे असे बघत, जणू शर्ट तिथं आपोआप उगवतो. दोन वर्षं तो मी उगवून देत होते.

आज पाचच्या बसनं मी जाणार होते. दुसऱ्या शहरात नोकरी लागली होती, उद्या सकाळी हजर व्हायचं होतं, बॅग दाराशी भरून ठेवलेली होती. बाबांनी परवानगी दिली, पण बाबांची परवानगी कधी नुसती येत नाही.

"जा की. कोण अडवतंय? फक्त जाण्याआधी ते टेबल नीट करून जा. वरचं कापड पार जळलंय."

"वहिनी असती तर सांगावं लागलं नसतं," आत्या म्हणाली. आत्या ही बाबांची धाकटी बहीण. आईच्या आजारपणात चार दिवस म्हणून आली, ती अजून आहे. तिनं खुर्ची बोळाच्या तोंडाशी ओढून घेतली होती आणि तिथून ती उंटावरून शेळ्या हाकत होती.

टेबल बाबांनी लग्नाच्या वर्षी स्वतः केलेलं. जुन्या कपाटाचं दार, त्याला चार पाय, वर जाड कांबळं आणि कांबळ्यावर कापड. त्याचं कौतुक त्यांनी जन्मभर सांगितलं आणि त्यावर एक रुमालसुद्धा कधी फिरवला नाही. आईला ते खिडकीपाशी हवं होतं. मागून मागून ती थकली. "प्लग बोळात आहे," एवढंच उत्तर मिळायचं. प्लग डाव्या हाताच्या भिंतीत होता आणि आई डावखुरी, म्हणून तिचं निभावलं. मी उजव्या हाताची. वायर दर वेळी शर्टावरून फरपटायची आणि केलेली घडी मोडायची.

सहा वर्षांची असताना मी आईला बोलवायला त्या बोळातून धावले होते. मी हाक मारली की ती मान वर न करता म्हणायची, "एवढा एक झाला की आलेच." तो एक कधीच संपायचा नाही. त्या दिवशी मी तिला ओढायलाच निघाले आणि टेबलाचा पुढचा डावा कोपरा माझ्या डाव्या भुवईत घुसला. चार टाके पडले. तिथं अजून केस उगवत नाहीत. आई म्हणाली, आता तरी हे खिडकीपाशी हलवा. बाबांनी करवत आणली आणि कोपरा तिरका कापून टाकला. प्रश्न मिटला.

तर नवं कापड मी आणलं होतं ते चिकट पाठीचं. मागचा कागद सोलायचा आणि बसवायचं. इस्त्रीखाली वितळत नाही असं दुकानदारानं छातीठोक सांगितलं होतं. जुनं जळकं कापड ओरबाडून काढलं, टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, कडेकडेनं पेन फिरवून नमुना कापला, कापलेल्या कोपऱ्यासकट. मग कापड पालथं घालून नमुना त्याच्या पाठीवर ठेवला, रेघ मारली, कात्री चालवली.

"अगं, हळू. सगळं घाईत," आत्या म्हणाली. "लग्नाचं विचारलं की मात्र हिला घाई नाही."

"आत्या, तुला करायचंय का? घे कात्री."

"मी म्हातारी बाई, मला कुठं वाकवतंय?"

जिलेबी उचलायला आणि भांडायला ती बरोबर वाकते, हे मी ओठांवर आलेलं गिळलं आणि कापड सुलटं केलं. तेव्हा चूक दिसली. पाठीवर कापायचं तर नमुनाही पालथा घालायला हवा होता. तिरका कोपरा डावीकडे हवा होता तो उजवीकडे आला होता. कापड मोजून आणलेलं, दुसरा तुकडा नाही. आत्या मान उंचावून बघत होती. तिच्यापुढे चूक कबूल करण्यापेक्षा मी वाकडं कापड चिकटवून, बस पकडून, जन्मात परत न येणं पत्करलं असतं. मी कागद थोडा सोलला आणि मधून कडेला तळहातानं दाबत, रागारागानं, ते बसवत गेले.

ते बसलं. कडेला कड, कोपऱ्याला कोपरा. केसभरही फट नाही.

मी वर्तमानपत्राचा नमुना उचलून टेबलावर ठेवला. डावीकडे टेबलाचा कोपरा कागदाबाहेर आला, अखंड, टोकदार. उजवीकडे कागद हवेत लोंबत राहिला.

"आत्या, हा कोपरा डावीकडे कापलेला होता ना?"

"होता तिथंच आहे."

"बाबा!"

बाबा चष्मा कपाळावर सरकवून आले. टेबलाकडे न बघताच म्हणाले, "मीच कापलाय. उजवाच. मला विचारतेस?"

"मला लागलंय तिथं! मला माहीत नसेल?"

"सगळं तुलाच माहीत असतं," ते म्हणाले आणि हातातले चार शर्ट त्यांनी नव्या कापडावर ठेवले. "जाता जाता एवढे करून टाक. कापडाची परीक्षाही होईल."

मी पहिला शर्ट ओढून घेतला. घड्याळात सव्वातीन झाले होते. चार शर्ट, वीस मिनिटं, आणि मग या घरानं आपल्या सुरकुत्या आपणच बघाव्यात, असं म्हणून मी इस्त्री लावली. पहिला शर्ट झरझर झाला. दुसरा त्याहून. नव्या कापडावर इस्त्री पाण्यावरून जावी तशी जात होती. कॉलर, खांदा, बाही. राग हातात उतरला होता आणि हात कसा अगदी सरावाचा चालला होता.

तिसऱ्या शर्टाला लक्षात आलं, की वायर मध्ये येत नाहीये.

इस्त्री माझ्या डाव्या हातात होती.

मी ती उजव्या हातात घेतली. मनगट लुळं पडलं, टोक भलतीकडेच वळलं, बाहीवर आडवी चुणी पडली. परत डाव्यात घेतली तर चुणी एका फटक्यात गेली. मग मी इस्त्री उभी धरली आणि तिच्या चकचकीत तळात वाकून पाहिलं. चेहरा धूसर दिसत होता, पण भुवया दिसत होत्या. दोन्ही भरलेल्या. बोटानं चाचपलं. डावीकडे केस होते, दाट, सलग, मध्ये कुठंही तुटलेले नाहीत.

बाहेरच्या खोलीत बॅगची चेन ओढल्याचा आवाज आला.

"वहिनी," आत्या खुर्चीतूनच म्हणाली, सहज, रोज म्हणावं तसं, "पोरगी निघाली. दारापर्यंत तरी जा."

बोळाच्या टोकाशी, उजेडाकडे पाठ करून, खांद्याला बॅग लावलेली एक मुलगी उभी होती. तिचा एक पाय उंबऱ्याबाहेर होता. तिच्या उभं राहण्यातला तो राग मी कुठंही ओळखला असता.

"आई, येतेस का? बस चुकेल माझी."

मला ओरडायचं होतं. टेबल उलथून टाकायचं होतं, तिच्या दंडाला धरून तिला आत खेचायचं होतं आणि तिच्या जागी मला बाहेर पडायचं होतं. पण चौथा शर्ट अजून तसाच होता, आणि डावा हात थांबत नव्हता.

"एवढा एक झाला," मी मान वर न करता म्हणाले, "की आलेच."